रोमला एकच दिवस, आणि बरोबर आई-बाबा

नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. मेच्या शेवटच्या आठवड्यात फ्लॉरेन्सहून रात्री रोमला पोहोचणार, मुक्काम तेर्मिनी स्टेशनजवळ, गुरुवार पूर्ण हातात, शुक्रवारी सकाळी परतीचं विमान. बरोबर पत्नी, अकरा वर्षांचा मुलगा, सहासष्टच्या आई आणि एकाहत्तरचे बाबा. बाबांचे गुडघे कुरकुरतात, आई कडक शाकाहारी, अंडंही नाही. यादीत कोलोसियम, रोमन फोरम (जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष), व्हॅटिकन म्युझियम, सिस्टाइन चॅपेल, सेंट पीटर्स, पँथिऑन, नवोना चौक, ट्रेव्ही कारंजं आणि स्पॅनिश स्टेप्स. एका दिवसात होईल का, आणि कुठल्या क्रमाने?

होईल. मी करून दाखवलंय, म्हणूनच सांगतेय की करू नका.

गेली एकोणीस वर्षं मी टूर मॅनेजर म्हणून मराठी ग्रुप युरोपात नेतेय. सुरुवातीच्या वर्षांत अंगात भलता उत्साह होता. छापील कार्यक्रमात जे लिहिलंय ते सगळं दाखवायचंच, मग लोकांच्या पायांचं काहीही होवो. अशाच एका दिवशी अडतीस जणांना सकाळी कोलोसियम आणि दुपारी व्हॅटिकन म्युझियम असं पळवलं. सिस्टाइन चॅपेल त्या म्युझियमच्या अगदी शेवटी येतं. तिथपर्यंत दालनांमागून दालनं तुडवावी लागतात, त्यातलं नुसतं नकाशांचं दालन १२० मीटर लांब आहे. त्या दालनाच्या मध्यावर सांगलीच्या एका काकांनी मला थांबवून विचारलं, "ताई, अजून किती बोळ?" चॅपेलमध्ये पोहोचलो तेव्हा भिंतीलगतच्या बाकावर जागा मिळेल तशी मंडळी टेकली आणि आठ-दहा जणांनी सरळ डोळे मिटले. डोक्यावर मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवलेलं छत, आणि खाली आमची मंडळी पेंगतायत. रखवालदार दर दोन मिनिटांनी "सिलेन्त्सियो! नो फोटो!" म्हणून ओरडत होता, त्यानेही कोणी जागं झालं नाही.

तेव्हापासून माझा हिशेब ठरलेला आहे: रोमच्या एका दिवसात मोठं तिकीट एकच. बाकीचा दिवस रस्त्यांचा, चौकांचा आणि फुकटात उघड्या असलेल्या देवळांचा, म्हणजे चर्चेसचा.

तुमच्या बाबतीत ते तिकीट कोलोसियमचं घ्या. म्युझियमला तीन तास लागतात आणि त्यात बसायला जागा फार थोडी. कोलोसियम सव्वा तासात नीट बघून होतं, आत लिफ्ट आहे, आणि अकरा वर्षांच्या मुलाला जन्मभर लक्षात राहील असं ते एकच ठिकाण यादीत आहे. मायकेलअँजेलो चुकेल याची हळहळ नको. त्याचा 'पिएता' हा पुतळा, मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेली मेरी, सेंट पीटर्स चर्चमध्ये आहे, आणि सेंट पीटर्सला तिकीट नाही. म्युझियम आणि सेंट पीटर्स या दोन वेगळ्या जागा, दोन वेगळी दारं, मध्ये भिंतीला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटांची चाल. हे पुष्कळांना तिथे गेल्यावर कळतं. घरात कोणाला चित्रकलेचं खरोखर वेड असेल तर मात्र उलटं करा. कोलोसियम बाहेरूनही निम्मं कळतं, सिस्टाइन चॅपेल बाहेरून दिसतच नाही.

आता क्रम. बहुतेक लोक सकाळी आधी कोलोसियम गाठतात. आपण दिवस उलटा लावायचा.

सकाळी सातला सेंट पीटर्सचं दार उघडतं, त्या वेळी तिथे असा. नऊ वाजता हीच सुरक्षा तपासणीची रांग चौकाला वळसा घालत असते, सातला ती दहा-पंधरा मिनिटांची असते. तुमचा गुरुवार आहे हे नशीब. बुधवारी सकाळी चौकात पोपची जाहीर भेट असते आणि मग सगळं वेळापत्रक कोलमडतं. तपासणी विमानतळासारखी असते, त्यामुळे आईंच्या पर्समधली फळं कापायची सुरी हॉटेलवर ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी-सलवारवाल्यांचं कधीच अडत नाही (बिनबाह्यांचा ब्लाउज असेल तर पदर घ्यायचा, झालं), अडतात ते हाफ पँट घालून आलेले मुलगे आणि त्यांचे वडील.

आत शिरल्या शिरल्या उजवीकडे पहिलीच कोनाड्यासारखी जागा, काचेमागे पिएता. मांडीवर मेलेला मुलगा घेऊन बसलेली आई. मायकेलअँजेलोने तो १४९९ मध्ये पुरा केला तेव्हा तो पंचविशीतही नव्हता. १९७२ मध्ये एका माथेफिरूने हातोडीने घाव घातले, तेव्हापासून पुढे काच आली. या वेळी तिथे पाच-सात माणसं असतात. अकरा वाजता पाचशे. घुमटावर जायचा मोह मुलाला होईल. एकूण ५५१ पायऱ्या, लिफ्टने गेलात तरी ३२० उरतात, आणि शेवटच्या पायऱ्या घुमटाच्या उताराबरोबर तिरक्या होत जातात. या दिवशी सोडून द्या.

बाहेर आल्यावर मात्र पाच मिनिटं काढाच. चौकाला शिल्पकार बर्निनीने दोन्ही बाजूंनी खांबांच्या कमानदार ओळींनी कवेत घेतलंय, २८४ खांब, चार-चारच्या रांगांत. मधल्या ओबेलिस्कच्या, म्हणजे उंच टोकदार दगडी खांबाच्या, दोन्ही बाजूंना, कारंज्यांच्या जवळ, फरसबंदीत एकेक गोल दगडी चकती बसवली आहे. मुलाला त्या चकतीवर उभं करा आणि खांबांकडे बघायला सांगा. चारही रांगा नाहीशा होऊन एकच रांग दिसते. एक पाऊल बाजूला टाकलं की मागचे खांब पत्त्यांसारखे सरकत बाहेर येतात. मी कितीतरी वेळा बघितलंय, अजून दर वेळी एक पाऊल मागे-पुढे करून बघते. स्वच्छतागृह चौकातच आहे आणि फुकट आहे. गरज असो-नसो, सगळ्यांनी जाऊन या.

तिथून सरळ रुंद रस्त्याने नदीकडे चाललं की टायबरवरचा देवदूतांचा पूल, समोर कास्तेल सांत'आंजेलो. मुळात ती हेड्रियन बादशहाची समाधी, पुढे पोपचा किल्ला झाला. बाहेरून बघा आणि पूल ओलांडा. नवोना चौक इथून पायी वीस मिनिटांवर आहे. बाबांच्या चालीने अर्धा तास धरा.

बाबांच्या पायांबद्दल इथेच सांगते. जुन्या रोममधल्या गल्ल्या काळ्या बसाल्टच्या मुठीएवढ्या ठोकळ्यांनी फरसल्या आहेत, त्यांना 'सांपिएत्रिनी' म्हणतात. फोटोत देखणे, पायाला वैरी. पातळ तळव्याची चप्पल घातली तर संध्याकाळी तळपाय पेटतात. नवे बूट मुळीच नकोत. जे जुने स्पोर्ट्स शूज घालून बाबा सकाळी फिरायला जातात तेच आणा. अशा दिवशी फोन पंधरा-सोळा हजार पावलं सहज दाखवतो.

नवोना चौक लांबट आहे, एका टोकाला गोलाकार, कारण तो डोमिशियन बादशहाच्या शर्यतीच्या मैदानाच्या आकारावर उभा आहे. मध्ये बर्निनीचं चार नद्यांचं कारंजं, १६५१ मधलं. चार खंडांच्या चार नद्या: नाइल, डॅन्यूब, दक्षिण अमेरिकेतली ला प्लाता, आणि आशियाची म्हणून आपली गंगा. नाइलने चेहरा कापडाने झाकलाय, कारण तिचा उगम तेव्हा माहीत नव्हता. आणि गंगा म्हणजे एक दाढीवाला आडदांड बाप्या, हातात भलंमोठं वल्हं. नदी जहाजं चालण्याजोगी आहे हे दाखवायला ते वल्हं. मी ग्रुपला आधी सांगतच नाही. नुसतं विचारते, यातली गंगा कुठली? सगळे बायका शोधत कारंज्याभोवती फेरी मारतात. एकदा पंढरपूरच्या एका मावशींना उत्तर सांगितलं तर त्यांनी त्या पुतळ्याला आधी हात जोडले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गंगामाईला मिश्या कोणी लावल्या गं?"

चौकात दगडी बाक आहेत, बाबांना बसवा. चौकातल्या कॅफेत मात्र बसू नका. इटलीत कॉफीला दोन भाव असतात: काउंटरवर उभं राहून प्यायलात तर एक-सव्वा युरो, खुर्चीत बसलात तर त्याच्या तिप्पट-चौपटही. गल्लीतल्या साध्या 'बार'मध्ये जा. इथे बार म्हणजे आपल्याकडचं अमृततुल्य समजा, दारूचा संबंध कमी. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर द्यायची असते. 'लाते' मागितलंत तर ग्लासभर दूध पुढ्यात येईल, कारण लाते म्हणजे दूध. कॉफी हवी तर 'काफे लाते' किंवा सरळ कापुचिनो म्हणा. बाबांना चहा लागत असेल तर 'ते कोन लाते'. येईल ते गरम पाणी, पुडी आणि वर थोडं दूध. त्यावर त्यांची समजूत घालणं तुमचं काम. आणि कॉफीच्या त्या सव्वा युरोत स्वच्छतागृहाची सोय होते, म्हणून तो खर्च मी कधी वाचवत नाही.

नवोनाहून पँथिऑन पाच मिनिटांवर. वाटेत सान लुइजी देइ फ्रांचेझी नावाचं चर्च लागतं, बाहेरून लक्षही जाणार नाही. आत डाव्या हाताला शेवटच्या कोनाड्यात चित्रकार काराव्हाज्योची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. फुकट. कोनाडा अंधारा असतो. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि काही मिनिटांनी विझतो. बहुतेक लोक दुसरं कोणीतरी नाणं टाकेल म्हणून उभे असतात. आपण टाकायचं. डाव्या चित्रात काळोख्या खोलीत पैसे मोजत बसलेली माणसं, आणि उजवीकडून एक हात त्यांच्याकडे रोखलेला. बाकांवर बसून घ्या, पाय मोकळे होतात. दुपारी ते बंद असतं, म्हणून साडेबाराच्या आत.

पँथिऑनला आता तिकीट आहे, ५ युरो, १८ वर्षांखाली फुकट. वेळ आधी नोंदवून ठेवा, साधारण अकराची. हे माझ्या "एकच मोठं तिकीट" नियमात मोडत नाही, कारण एक खोली, अर्धा तास, एकही पायरी नाही. दर्शनी भागावर कोरलंय की लुशियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कौन्सुल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) असताना हे बांधलं. खरं तर अग्रिप्पाचं देऊळ जळून गेलं होतं. आज उभं आहे ते हेड्रियनच्या काळातलं, सुमारे इ.स. १२६ चं. बादशहाने नवं बांधूनही पाटीवर जुन्याचंच नाव ठेवलं. आपल्याकडे बसथांब्याच्या पत्र्यावरही नगरसेवकाचं नाव असतं, म्हणून मला याचं जास्तच अप्रूप.

आत घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक अख्खा चेंडू बसेल. लोखंडी सळ्या न घातलेल्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात अजून नाही. युक्ती मिश्रणात आहे. खाली जड दगडाची खडी, वर चढत जाल तशी हलकी, माथ्याजवळ तर पाण्यावर तरंगणारा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. आणि अगदी वर सुमारे नऊ मीटरचं उघडं भोक. काच नाही, झाकण नाही. पाऊस पडला की आत पडतो. फरशीला मध्ये हलका फुगवटा आहे आणि बारीक भोकं आहेत, त्यांतून पाणी निघून जातं. साताऱ्याच्या एक आजी बराच वेळ मान वर करून उभ्या होत्या. मला वाटलं भारावल्या असतील. त्या हळूच म्हणाल्या, "यांचा कळस बसवायचा राहिलाय का?" त्यानंतर मला तो घुमट दर वेळी कळसाविना दिसतो. चित्रकार राफाएलची समाधीही इथेच आहे.

मागच्या बाजूला चौकात बर्निनीचा छोटा दगडी हत्ती पाठीवर ओबेलिस्क घेऊन उभा आहे. मुलाचा फोटो तिथे.

आता जेवण, कारण आईंचा खरा प्रश्न तो आहे. रोममध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण फसतो. लाल सॉस म्हणजे टोमॅटो असं समजून लोक 'आमात्रिचाना' मागवतात. त्यात डुकराच्या गालाचं मांस असतं. 'कार्बोनारा'त तेच, वर अंडं. 'सुप्ली' नावाचे भाताचे तळलेले गोळे बटाटेवड्याइतके निरागस दिसतात, आत पुष्कळदा खिमा. सगळ्यात मोठा सापळा म्हणजे भोपळ्याच्या फुलांची भजी, 'फ्योरी दि झुक्का'. कोकणातल्या माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. रोममधल्या फुलात चीजबरोबर 'आलीची' म्हणजे खारवलेला छोटा मासा भरलेला असतो. उलट 'पेपेरोनी' वाचून घाबरू नका. इटलीत पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची. आणि 'मरिनारा' पिझ्झा नावाने समुद्राचा असला तरी त्यावर टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो एवढंच, चीजही नाही.

दुपारी हॉटेलात बसून जेवायचं टाळा, तासभर जातो. 'पिझ्झा अल तालिओ' लिहिलेलं दुकान शोधा. लांबट ट्रेमध्ये दहा प्रकार मांडलेले असतात, हाताने अंतर दाखवायचं की एवढा, तो कात्रीने कापतात, काट्यावर तोलतात, वजनावर पैसे. बटाट्याचा ('कोन पताते') आईंना नक्की आवडेल. "सोनो वेजेतारियाना, सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेश्शे" एवढं वाक्य आईंनाच पाठ करायला लावा. त्या बोलल्या की दुकानदार जास्त मनावर घेतो. पास्त्यात सुकं स्पगेटी बिनअंड्याचं असतं, ताज्या फेतुचिनीत अंडं असतं. आणि चीजबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते, मग तुमचं तुम्ही ठरवा. 'काचो ए पेपे' हा नुसता चीज-मिरीचा पास्ता दिसायला शुद्ध शाकाहारी, पण त्यातलं पेकोरिनो रोमानो कोकराच्या पोटातल्या विरजणाने लावतात. पार्मेजानोचंही तसंच, वासराचं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी मरिनारावर दिवस काढावा आणि थेपल्यांचा डबा जवळ ठेवावा. माझ्या पोतडीत मेतकूट कायम असतं.

पाणी विकत घेऊ नका. रस्त्यावर जागोजागी बिडाचे बुटके नळ अखंड वाहत असतात, 'नासोनी' म्हणजे मोठं नाक. शहरभर सुमारे २,५०० आहेत. पाणी पिण्याचंच आणि गारेगार. वाकावं लागत नाही. नळाच्या तोंडावर बोट दाबलं की वरच्या बारक्या छिद्रातून कारंज्यासारखी धार उडते, ती तोंडात घ्यायची. मुलाला हे एकदा दाखवलं की तो दर चौकात थांबेल. बाबा म्हणतील नळाचं कशाला. त्यांना बाटली भरून द्या, नळाची आहे म्हणून सांगू नका.

जेवून पँथिऑनहून लार्गो अर्जेंतिना चौकापर्यंत पाच मिनिटं चाला. रस्त्याच्या पातळीखाली खड्ड्यात चार जुन्या देवळांचे अवशेष आहेत. ज्युलियस सीझरला इ.स.पू. ४४ मध्ये भोसकलं ते इथे. फोरममध्ये नाही, जरी सगळ्यांना तसंच वाटत असलं तरी. आता तिथे मांजरं राहतात. सीझरचा खून झाला त्या जागी लोळत पडलेलं गलेलठ्ठ मांजर, याहून मुलाला काय हवं.

मग टॅक्सी करून सरळ हॉटेल. साधारण एक ते सव्वाचार झोपा. ग्रुपमध्ये हे सांगितलं की कोणीतरी म्हणतंच, "एवढे पैसे भरून झोपायला आलोय का?" पण हीच मंडळी रात्री नऊला ताजी असतात. टॅक्सीचं एक लक्षात ठेवा. नेहमीच्या गाडीत चारच माणसं बसतात आणि तुम्ही पाच आहात. मोठी गाडी मागवा नाहीतर दोन करा. पांढऱ्या, मीटरवाल्या, टॅक्सीच्या थांब्यावरच्याच घ्या. स्टेशनबाहेर "टॅक्सी, टॅक्सी" करत जवळ येतो त्याच्याकडे बघूही नका.

संध्याकाळी तेर्मिनीहून मेट्रोच्या बी लाइनने दोनच स्टेशनं, 'कोलोस्सेओ'. बाहेर पडलात की रस्त्यापलीकडे ते उभंच आहे. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरच काढा. आगाऊ विक्री ३० दिवस आधी उघडते आणि चांगल्या वेळा पटापट संपतात, तेव्हा गजर लावून बसा. १८ युरो मोठ्यांना, मुलाला फुकट, पण त्याचंही शून्य युरोचं तिकीट काढावं लागतं. तिकिटावर नाव असतं आणि दारात ओळखपत्राशी ताडून बघतात, म्हणून नावं पासपोर्टप्रमाणे टाका. वेळ पाचच्या आसपासची. उन्हाळ्यात ते सव्वासातपर्यंत उघडं असतं, गर्दी ओसरते आणि ऊन तिरपं होऊन दगड मधासारखा दिसतो.

बांधायला घेतलं व्हेस्पेशियन बादशहाने, इ.स. ८० मध्ये त्याचा मुलगा टायटस याने उघडलं. आत सुमारे ५०,००० माणसं बसत असावीत, म्हणजे वानखेडेपेक्षा जास्त, आणि वानखेडेसारखेच दारांना नंबर. ८० कमानी, उत्तरेकडच्या बाहेरच्या भिंतीवर ते आकडे अजून वाचता येतात. मुलाला एक काम द्या: ४४ नंबरची कमान शोध. शाळेत रोमन चार लिहिताना पाचाच्या डावीकडे एक रेघ शिकवतात. इथे खुद्द रोमनांनी चार उभ्या रेघा मारल्यात. बाईंना दाखवायला फोटो काढून ठेवेल.

भिंतीवर सगळीकडे खड्डे दिसतील, देवी आलेल्या चेहऱ्यासारखे. ते तोफगोळ्यांचे नव्हेत. दगड एकमेकांना लोखंडी चापांनी जोडले होते, मधल्या काळात लोकांनी लोखंडासाठी ते उकरून काढले. आणि दक्षिणेकडची बाहेरची भिंत १३४९ च्या भूकंपात कोसळली. तो दगड पुढे शहरातल्या इमारतींना लागला. आत बाबांसाठी लिफ्ट कुठे आहे ते दारातल्या कर्मचाऱ्याला विचारा, लाजू नका.

याच तिकिटात फोरम आणि पॅलेटाइन टेकडीही येते. तुम्ही तिथे जाऊ नका. खालची वाट ओबडधोबड दगडांची आहे, आणि उन्हात अर्धवट भिंतींमध्ये उभं राहून कुठलं देऊळ कुठलं ते कळतही नाही. फोरम वरून बघायचा. कोलोसियमहून पिआत्झा व्हेनेत्सियाकडे जाणारा रस्ता सपाट, साधारण किलोमीटरभर, मुसोलिनीने १९३२ मध्ये अवशेषांतून फाडून काढलेला. २ जूनला याच रस्त्यावर प्रजासत्ताक दिनाचं संचलन होतं, तेव्हा मेअखेरीस प्रेक्षकांच्या गॅलऱ्या उभ्या राहत असतील, फोटोत येतील. चालताना डाव्या हाताला तीन प्रचंड कमानी दिसतील, मॅक्सेंटियस बादशहाच्या बॅसिलिकाच्या, म्हणजे सभागृहाच्या. त्या जागी आधी डोमिशियनची मिऱ्याची कोठारं होती, आणि ते मिरं आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून, मलबारहून जहाजाने जायचं. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) घेऊन जातो अशी तक्रार थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवली आहे. त्या व्यापाराचा एक धागा कोल्हापुरात सापडतो: ब्रह्मपुरीला मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती, टाउन हॉलच्या संग्रहालयातली. रोमला जाऊन आलेले किती कोल्हापूरकर ती बघून आलेत, असा प्रश्न मी ग्रुपमध्ये विचारते. फारसे हात वर होत नाहीत.

रस्त्याच्या टोकाला व्हिक्टर इमॅन्युएल राजाचं पांढरंशुभ्र अगडबंब स्मारक आहे, १९११ चं. त्याच्या शेजारून कांपिदोल्यो टेकडीवर जाणारा मायकेलअँजेलोच्या आराखड्याचा रुंद जिना इतका सैल आहे की बाबाही चढतील. वर पालिकेच्या इमारतीला वळसा घालून मागच्या कठड्याशी जा. अख्खा फोरम पायाखाली. मेअखेर सूर्यास्त साडेआठच्या सुमारास, तिथे पावणेआठला असा. कठड्यावर कोपरं टेकून दहा मिनिटं उभं राहायचं, एवढाच कार्यक्रम.

स्पॅनिश स्टेप्स सोडा. त्या पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, बसलात तर दंड. ज्या पायऱ्यांवर बसता येत नाही त्या बघायला बाबांना का न्यायचं?

ट्रेव्ही रात्री साडेनऊनंतर. दिवसा तिथे पाणी दिसत नाही, डोकी दिसतात. अगदी कुंडापाशी उतरायला आता एका वेळी सुमारे ४०० जणांचीच मर्यादा आहे, पण वरच्या चौकातून संपूर्ण कारंजं दिसतं. निकोला साल्व्हीने आखलं, तो वारल्यावर १७६२ मध्ये पुरं झालं. त्यात येणारं पाणी मात्र इ.स.पू. १९ मध्ये बांधलेल्या जलवाहिनीचं, आणि ती आणली त्याच अग्रिप्पाने, ज्याचं नाव सकाळी पँथिऑनवर वाचलंत. नाणं पाठमोरं, उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून. ही नाणी गोळा करून कारितास या संस्थेला गरिबांसाठी देतात, तेव्हा आईंना "पाण्यात पैसे काय टाकायचे" वाटलं तर हे सांगा.

पाकिटमारीचं इतकं ऐकलं असेल की मी थोडक्यात सांगते. मेट्रोचं दार बंद होता होता अंगावर कोणी पडलं तर आधी खिसा चाचपा, मग "सॉरी" म्हणा. माझ्या ग्रुपमधल्या एका काकूंची पर्स अशीच गेली, आत दोन पासपोर्ट. पोलिसात तक्रार, तिचा कागद, मग भारतीय दूतावास. तो रोममध्येच आहे हे त्यातल्या त्यात बरं. पण त्यांचं व्हेनिस हुकलं. पासपोर्ट गळ्यातल्या पाऊचमध्ये, कपड्यांच्या आत. मनगटात दोरा बांधायला येणारा, "फ्रेंड, फ्रेंड" म्हणत फूल देणारा, यांच्याकडे हात पुढे करायचा नाही.

ट्रेव्हीहून परतताना पुन्हा दोन टॅक्सी कराव्या लागतील. हॉटेलचं कार्ड सकाळीच दोन घेऊन ठेवा आणि दोन्ही गाड्यांत एकेक द्या. तेर्मिनीभोवती सारख्या नावांची हॉटेलं ढिगाने आहेत, आणि रात्री अकराला बाबा एका 'हॉटेल रोमा'त आणि तुम्ही दुसऱ्या 'हॉटेल रोमा'त असं व्हायला नको.